नशेच्या व्यापारात नफा कोणाचा?

गेल्या महिन्यात जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने वादविवाद स्पर्धेसाठी मला परीक्षक म्हणून बोलावले होते. 'अमली पदार्थांवरील बंदी उठवून त्यांचा व्यापार खुल्या बाजाराकडे सोपवावा' असा विषय होता. अनुकूल बाजूने बोलणाऱ्यांनी व्यक्तिस्वातंत्र्य आणि मागणी-पुरवठ्याचा नियम मांडला, प्रतिकूल बाजूने उद्ध्वस्त झालेली घरे आणि मादक पेये व द्रव्ये यांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करायला राज्याला सांगणारे संविधानाचे ४७ वे कलम पुढे केले. मुलेमुली तयारीने आली होती आणि चांगली बोलली. तरीही एक प्रश्न दोन्ही बाजूंकडून राहून गेला: विकणाऱ्याचा नफा कशाने वाढतो? मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ल्यात औषधांचे दुकान चालवतो. संपूर्ण बंदी आणि संपूर्ण मोकळीक यांच्या मधल्या जागेत माझा रोजचा व्यवहार चालतो, आणि तिथून हा वाद मला जसा दिसतो तसा येथे मांडत आहे.

माझ्या दुकानातली कित्येक औषधे चुकीच्या हाती पडली तर नशेचीच द्रव्ये आहेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, चिंता कमी करणारी अल्प्राझोलामची गोळी, वेदनाशामक ट्रॅमाडोल. यांपैकी कशावरही सरसकट बंदी नाही आणि कशाचीही मोकळी विक्री नाही. २०१४ पासून अमलात आलेल्या अनुसूची एच-१ या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीतले औषध देताना रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि दिलेले प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. ट्रॅमाडोल तर २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले. या औषधांची लोकांसमोर जाहिरात करता येत नाही, पाकिटावरच्या छापील किमतीहून जास्त घेता येत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषध लिहून देणारा एक असतो व विकणारा दुसरा. ही व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही; चिठ्ठीशिवाय गोळ्या देणारी दुकाने आहेत आणि कोडीनच्या बाटल्यांचे साठे पकडले गेल्याच्या बातम्याही आपण वाचतो. परंतु या व्यवस्थेत एखाद्या मुलाला मी 'नाही' म्हणतो तेव्हा माझे नुकसान अगदी थोडे होते, आणि 'हो' म्हटले तर परवाना जाण्याची भीती मोठी असते. नियमन म्हणजे माझ्या मते मुख्यतः हेच आहे. विकणाऱ्याला नकार देणे परवडले पाहिजे.

आता बंदीकडे पाहू. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी आली आणि तेव्हापासून ती एकेका वर्षाने वाढवली जात आहे. आमच्या तालुक्यात पानटपरीवर ओळखीच्या माणसाने मागितल्यास पुडी आतून येते, हे सर्वांना ठाऊक आहे. बंदीने काहीच साधले नाही असे मात्र नाही. शाळेच्या वाटेवर पुड्यांच्या ज्या माळा लटकत असत त्या दिसेनाशा झाल्या, आणि ज्या मुलाने पहिली पुडी केवळ समोर दिसली म्हणून घेतली असती त्याच्यापुरता हा फायदा खरा आहे. ज्याला सवय जडलेली आहे त्याला मात्र आता तीच वस्तू अधिक पैसे देऊन घ्यावी लागते, आणि ती कुठे बनली व तिच्यात काय घातले आहे हे विचारण्याची सोय त्याच्याकडे उरलेली नाही. हा वरचा पैसा वाटेत अनेकांच्या खिशात जातो. त्यात आरोग्य खात्याचा खिसा नाही, एवढे नक्की.

दारूवर तर आपल्या जिल्ह्यात बंदीही नाही, फक्त कर गोव्यापेक्षा जास्त आहे. तेवढ्या एका फरकावर किती मोठा चोरटा व्यापार उभा राहतो हे गोव्याच्या सीमेजवळच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्याच्या आसपास राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. 'गोवा बनावटीची दारू जप्त' हे वाक्य आमच्या वृत्तपत्रांत इतक्या नियमाने येते की वाचणाऱ्याची नजर त्यावर थांबतही नाही. म्हणजे वस्तू कायदेशीर केली की तस्करी आपोआप संपते, हा अनुकूल बाजूचा मुद्दा आमच्याच जिल्ह्यात खोटा ठरतो. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या शहरात परवाना असलेली दुकाने कमी नव्हती; मेलेल्यांना तिथली बाटली परवडत नव्हती. कायदेशीर बाजार ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी तो बंदच असतो.

याच संदर्भात काजूच्या बोंडूविषयी, म्हणजे बी लागते त्या रसाळ फळाविषयी, लिहिल्यावाचून मला राहवत नाही. मार्च ते मे या काळात आमच्याकडे काजूची बी काढून घेतली की बोंडूंचा मोठा भाग झाडाखाली कुजतो. तेरेखोलचा किल्ला नदीच्या आमच्या बाजूच्या तीरावर, आमच्या तालुक्यातल्या रेडी गावाला लागून आहे, पण तो गोव्यात आहे. त्यामुळे एकाच डोंगराच्या एका उतारावर बोंडूचा रस भट्टीवर चढवणे हा परंपरागत उद्योग ठरतो आणि दुसऱ्या उतारावर तोच गुन्हा होतो. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिकडचा भट्टीवाला परवाना घेतो, कर भरतो, आपल्या मालावर आपले नाव घालतो आणि त्याच्या फेणीने कोणी आजारी पडला तर कोणाला धरायचे हे माहीत असते. आमच्याकडचा भट्टीवाला रात्री रानात जातो, नवसागर घालून काम उरकतो आणि धाड पडली की पिंप तिथेच टाकून पळतो. माल एक, माणसे नात्यागोत्यातली आणि हवा-पाणीही तेच. कायद्यामुळे एकाची दारू तपासता येते आणि दुसऱ्याची येत नाही. लहान भट्ट्यांना परवाने देऊन त्यांची तपासणी करावी, या मागणीच्या बाजूने मी अनेक वर्षे आहे आणि तिच्याविरुद्धचा एकही युक्तिवाद मला आजवर पटलेला नाही.

कोकणाला हा अनुभव नवा नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू गाळण्याचे काम उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांत एकवटले गेले, माडाच्या झाडावरचा कर वाढवून भंडारी समाजाच्या माडी-ताडी काढण्याच्या पिढीजात धंद्यावर घाव घालण्यात आला, आणि १८९२ च्या मोहा कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले घरात ठेवण्यावरही निर्बंध आणले. लोकांची दारू सुटावी हा त्यामागचा हेतू नव्हता. सरकारी महसूल बुडू नये हा होता. गावाच्या ताडीऐवजी ठेकेदाराची अधिक कडक दारू लोकांच्या गळी उतरली.

त्याच सुमारास, १८९३-९४ मध्ये, सरकारने भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता. हजाराहून अधिक साक्षी नोंदवून त्याने निष्कर्ष काढला की माफक सेवनाने सहसा गंभीर अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व शहाणपणाचीही नाही. बंदी घातल्यास लोक अधिक घातक द्रव्यांकडे वळतील, असा इशाराही त्या अहवालात होता. परवाने, दुकानांच्या संख्येवर मर्यादा, बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा आणि माफक कर ही त्याची शिफारस होती. सव्वाशे वर्षांपूर्वीचे हे कागद आजच्या स्पर्धेतल्या बऱ्याच भाषणांपेक्षा अधिक समतोल आहेत, असे मला वाचताना वाटले.

त्या इशाऱ्याचे पुढे काय झाले? १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा, अफू आणि ब्राउन शुगर ही सारी एकाच दोरीने बांधली गेली. भांगेची पाने तेवढी व्याख्येबाहेर राहिली. मुंबईत गर्दने, म्हणजे याच ब्राउन शुगरने, त्या सुमारास घरे पोखरायला सुरुवात केलीच होती; पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले ते याच काळात. तस्कराच्या दृष्टीने पाहिले तर कायद्याचा परिणाम सरळ आहे. गांजाचे पोते मोठे असते, त्याचा वास येतो आणि त्यात पैसा कमी असतो. एमडी या रासायनिक नशेच्या पावडरीची पुडी खिशात मावते. शिक्षा दोन्हींना होणारच असेल तर माणूस कमी जागेत जास्त पैसा देणारा माल उचलतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात बिअर मागे पडून कडक दारूचे प्रमाण वाढले ते याच कारणाने.

एमडी म्हणजे मेफेड्रोन २०१५ च्या फेब्रुवारीत या कायद्याच्या यादीत आले. तोवर ते जवळजवळ मोकळेपणी विकले जात होते. मोकळीक असताना ते पसरले आणि बंदी आल्यावरही पसरले, हे दोन्ही बाजूंच्या वक्त्यांनी ध्यानात घ्यायला हवे. आज ते बाहेरून यावे लागत नाही. रायगड जिल्ह्यातल्या खोपोली आणि महाड परिसरातल्या रासायनिक कारखान्यांवर अलीकडच्या वर्षांत पडलेल्या धाडींनी दाखवून दिले की रसायनांचे ज्ञान, बंद पडलेली शेड आणि कर्जात बुडालेला मालक एवढ्या सामग्रीवर हा धंदा उभा राहतो. समुद्राची बाजूही उघडीच आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोली तालुक्यातल्या कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे अशा किनाऱ्यांवर चरसाची पाकिटे वाहून आली आणि पाठोपाठ श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या बाजूलाही सापडली. एकूण माल दोनशे किलोंहून अधिक होता. ७२० किलोमीटरच्या किनाऱ्यावर केवळ पहाऱ्याच्या बळावर हा माल अडवता येईल असे ज्यांना वाटते त्यांनी पावसाळ्यात एकदा आमच्या खाड्या पाहाव्यात.

माझे एक ज्येष्ठ स्नेही अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. ते या ठिकाणी मला थांबवतात आणि म्हणतात की मग मोकळा बाजार हाच उपाय उरतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० च्या दशकापासून हीच बाजू मांडली: बंदीमुळे किंमत फुगते, फुगलेल्या किमतीतून गुन्हेगारी पोसली जाते, आणि ग्राहकाला मालाची शुद्धता कळण्याचा मार्ग राहत नाही. सरांचे हे निदान मला मान्य आहे. औषध मला मान्य नाही. बहुतेक वस्तूंच्या बाजारात ग्राहकाचे समाधान झाले की व्यापाऱ्याचे भले होते, पण नशेच्या व्यापारातली मोठी कमाई अधूनमधून घेणाऱ्याकडून येत नाही, ती ज्याला सोडता येत नाही त्याच्याकडून येते. अशा बाजारात स्पर्धा वाढली की प्रत्येक विक्रेता अशाच माणसाच्या शोधात राहतो.

याचे सर्वांत भयंकर उदाहरण माझ्याच व्यवसायातले आहे. १९९६ साली अमेरिकेत पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सीकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आणली. औषध कायदेशीर होते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत होते आणि त्यावर नियामक संस्थेची मोहोर होती. हळूहळू विरघळते म्हणून व्यसन लागण्याची शक्यता कमी, असे सांगत कंपनीने डॉक्टरांमध्ये तिचा जोरदार प्रचार केला. २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला, पण तोवर लाखो माणसे या गोळ्यांच्या आणि पुढे हेरॉइनच्या आहारी गेली होती. चिठ्ठी लिहिणारा आणि विकणारा वेगळे असावेत, हे मी वर अभिमानाने लिहिले. पण विकणाऱ्याचा पैसा चिठ्ठी लिहिणाऱ्यापर्यंत पोचला की ती भिंतही पडते. थायलंडने २०२२ च्या जूनमध्ये गांजा यादीतून काढला तो पुरेसे नियम न करताच. हजारो दुकाने उघडली आणि २०२५ मध्ये सरकारला पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली.

मग सरकारनेच विकावे काय? येथे मला शिरोडा आठवतो. आमच्या तालुक्यातल्या त्या गावी १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, कारण ज्याच्या दारात मीठ पिकत होते त्यालाही सरकारी कराशिवाय चिमूटभर मीठ घेता येत नव्हते. ज्या वस्तूवाचून माणसाचे चालत नाही तिची मक्तेदारी सरकारच्या हाती आली की तिजोरी गरिबाच्या खिशात किती खोल हात घालते, हे आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिले आहे. दारूच्या महसुलावर राज्याचा अर्थसंकल्प किती टेकलेला असतो हे आपण दरवर्षी पाहतो. ज्या सरकारला दारू कमी खपल्याने तूट येते, त्याचे व्यसनमुक्तीचे फलक मला मनापासूनचे वाटत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की खप वाढल्याने ज्याचा फायदा होतो अशा कोणाच्याही हाती हा व्यापार देऊ नये, मग तो तस्कर असो, कंपनी असो वा सरकारी तिजोरी. गांजाच्या बाबतीत हे करून दाखवता येण्यासारखे आहे. मोजक्या दुकानांतून, साध्या पाकिटात, कोणत्याही छापाशिवाय आणि जाहिरातीशिवाय विक्री व्हावी, विकणाऱ्याला ठरावीक पगार असावा, आणि येणारा कर कायद्यानेच उपचारांसाठी बांधलेला असावा. उरुग्वेने २०१३ च्या कायद्याने अशा वाटेने जायला सुरुवात केली आणि २०१७ पासून तिथे औषधांच्या दुकानांतून ठरावीक किमतीत, नोंदणी झालेल्या माणसाला गांजा मिळतो. किंमत मात्र सांभाळून ठरवावी लागेल. ती फार जास्त ठेवली तर इन्सुलीचा अनुभव पुन्हा येईल, फार उतरवली तर पोरे गोळा होतील. सरांचे आणि माझे या एका बाबतीत एकमत आहे.

दुकान कुठे असावे आणि असावे की नाही, हे गावाने ठरवावे. दारूच्या दुकानासाठी 'उभी बाटली, आडवी बाटली' (उभी म्हणजे दुकान राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे) असे मतदान घेण्याची सोय महाराष्ट्रात आहेच, आणि ज्या गावांत बायांनी एकजुटीने बाटली आडवी केली तिथे सगळा परिणाम टिकला नसेल, पण निर्णय त्यांचा होता. नशेचा भार ज्यांच्यावर पडतो त्यांना मत मिळणे मला या साऱ्या वादात फार मोलाचे वाटते.

एमडी आणि ब्राउन शुगरच्या व्यापाराला मी कोणतीही मोकळीक देणार नाही. तिथे विक्रेत्यावर, कच्च्या रसायनांवर आणि बंद कारखान्यांवर कडक नजर हवी. पण घेणाऱ्याचे काय? मागे एक ओळखीचे गृहस्थ दुकान बंद करायच्या वेळेस आले. मुलगा शिकायला मुंबईला होता, तिथे एमडीच्या नादाला लागला आणि आता घरी आणून ठेवला होता. त्याला शांत झोप लागेल अशी गोळी त्यांना हवी होती. चिठ्ठीशिवाय देता येणार नाही, डॉक्टरांकडे न्या, असे मी सांगितले तर ते म्हणाले, "भाऊ, पोलिसांका कळला तर झिलाचा आयुष्य वाया जातला." आजारी मुलाच्या बापाला डॉक्टरांच्या दारात जाताना पोलीस आठवावा, एवढे एक कारण कायदा बदलायला मला पुरेसे वाटते. त्यांना घेऊन मी स्वतः डॉक्टरांकडे गेलो. मुलगा आज उपचार घेत आहे. बरा झाला असे म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही.

पोर्तुगालने २००१ पासून दहा दिवसांच्या वापरापुरता माल जवळ असलेल्या माणसाला फौजदारी न्यायालयाऐवजी डॉक्टर, समाजसेवक आणि कायदा जाणणारे यांच्या समितीपुढे नेण्याची पद्धत सुरू केली. विक्री तिथे आजही गुन्हाच आहे. सुईतून पसरणारा एचआयव्ही तिथे झपाट्याने कमी झाला. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदानाने शिक्षा काढून टाकली, पण उपचारांची सोय वेळेवर उभी राहिली नाही आणि २०२४ मध्ये शिक्षा परत आणावी लागली. शिक्षा काढणे एका मतदानाने होते, उपचार केंद्र उभे करायला वर्षे आणि पैसा लागतो. ही दोन्ही कामे जोडीने झाली नाहीत तर लोकांचा धीर सुटतो, आणि त्यात लोकांची चूक नाही.

कडकपणाची आणखी एक किंमत माझ्या व्यवसायातून मला दिसते, ती वेदनेने तळमळणाऱ्यांनी मोजलेली आहे. आपल्या देशात मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या भागात सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि तरीही १९८५ च्या कायद्यानंतरच्या दशकभरात अफूपासून बनणाऱ्या वैद्यकीय मॉर्फिन या वेदनाशामकाचा वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला, कारण परवान्यांच्या जंजाळात शिरायला रुग्णालये आणि दुकाने धजत नव्हती. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट थोडी सोपी केली. माझ्यासारख्या लहान दुकानात मॉर्फिन आजही नाही, आणि कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाचे नातेवाईक विचारायला येतात तेव्हा मला नकार द्यावा लागतो. हा नकार मला सर्वांत जड जातो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. १९८५ च्या आहे त्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही ६४-अ हे कलम आहे, ज्यानुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचारांना गेला तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. त्या गृहस्थांना हे माहीत नव्हते, आणि खरे सांगायचे तर स्पर्धेतल्या एकाही वक्त्याने त्याचा उल्लेख केला नाही. त्या कलमाचा आशय सोप्या मराठीत लिहून मी दुकानाच्या दर्शनी भागात लावला आहे. ज्यांना तो आपल्या दुकानात, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत लावायचा असेल त्यांनी कळवावे, मी प्रत पाठवीन.